अंगणापर्यंत

डॉलरमावशींना डॉलर वाचता यायचे. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सातपूरच्या एका कारखान्याचे साहेब घामाघूम होऊन माझ्या दुकानात आले होते. हातात जपानहून आलेल्या ईमेलची छापील प्रत, आणि तिच्यावर औषधालासुद्धा जपानी अक्षर नव्हतं. डॉलरची चिन्हं, टक्के, आकडे, सुटी इंग्रजी अक्षरं, असा पानभर केर. मावशींनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, पहिल्या ओळीतल्या $3$s$K$A$O वर बोट ठेवलं आणि ते सावकाश सरकवत म्हणाल्या, "को-न्नि-चि-वा. नमस्कार म्हणतायत. बसा साहेब, शिव्या नाहीत."

साहेब बसले. बसले म्हणजे जवळजवळ कोसळलेच. मावशींनी त्यांना पाणी दिलं आणि मला समजावून सांगितलं. जपानी ईमेल निघते तेव्हा मजकुराच्या आधी एक न दिसणारी खूण जाते, इथून पुढे जपानी समजा असं सांगणारी. वाटेतलं एखादं शहाणं यंत्र ती खूण गाळून टाकतं, मग इकडच्या संगणकाला सगळं इंग्रजीच वाटतं. साधी हिरागाना अक्षरं डॉलर लावून येतात, परक्या शब्दांची काताकाना टक्के लावून. तेवढं मावशी नुसत्या डोळ्यांनी वाचायच्या. चित्रासारखी अक्षरं मात्र त्यांनाही तशी वाचता यायची नाहीत. त्या अक्षरांसाठी मावशी फाइल आपल्या संगणकावर घ्यायच्या, हरवलेली खूण हाताने परत लावायच्या, आणि अख्खं पत्र पडद्यावर उभं राहायचं. "डॉलर दिसले की पेढे वाटायचे," त्या म्हणायच्या. "सगळं शाबूत आहे, फक्त ओळख पटत नाहीये. प्रश्नचिन्हं दिसली की मात्र रडून घ्यायचं. तिथे आत काही उरलेलंच नसतं."

डॉलरमावशी हे नाव त्यांना त्या दिवसापासून पडलं. गंगापूर रोडवर मग बातमी पसरली की प्रेसवाल्याच्या दुकानात बसणाऱ्या बाईंना डॉलरमध्ये पगार मिळतो. भाजीवाली त्यांच्याशी घासाघीस करेना. मावशींनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. उलट नवी साडी नेसून आल्या की स्वतःच म्हणायच्या, "बघा, डॉलरची."

माझा धंदा लग्नपत्रिकांचा आणि बिलबुकांचा. नव्वदीच्या दशकात मराठी टाइप करणारा संगणक घेतला, शिशाच्या खिळ्यांची कपाटं गेली आणि दुकानाची अर्धी जागा रिकामी पडली, ती मावशींनी भाड्याने घेतली. त्या आल्या त्याच एका अवजड जपानी संगणकासकट. कारखान्यातला कुणी जपानी साहेब मायदेशी परतताना तो त्यांना देऊन गेला होता. मावशी जपानी यंत्रांबरोबर येणारी माहितीपत्रकं भाषांतरित करायच्या आणि संध्याकाळी, कारखान्यांतून जपानला शिकायला जाणाऱ्या पोरांची शिकवणी घ्यायच्या. मी त्यांना मावशी म्हणायचो, त्या मला 'अहो प्रेसवाले'. वयाने मी बराच लहान असूनही त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नाही. रागावल्या की फक्त 'अहो' लांबायचं.

जपानी त्यांच्याकडे आली ती विहारातून. त्यांच्या लहानपणी कॉलनीतल्या विहारात एक जपानी भिक्खू येऊन राहिले होते. मावशींचे वडील पोस्टात कारकून. मुलगी संध्याकाळी वंदनेला जायची आणि वंदना झाली की भंतेजींजवळ पाटी घेऊन बसायची. जपानी अक्षरांचा क्रम ऐकून ती घरी ओरडतच आली म्हणे, "बाबा, त्यांच्यात पण अ, क, स, त, न आहे!" मावशी ही गोष्ट शिकवणीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक तुकडीला सांगायच्या. इथूनच कधीतरी भिक्खूंच्या झोळीतून हा क्रम चीनमार्गे तिकडे गेला. "म्हणजे तुम्ही परकी भाषा शिकायला आलेला नाही," त्या पोरांना म्हणायच्या, "आपली गेलेली वस्तू बघायला आलाय."

त्यांच्या घरी त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ, एवढेच. बाळूभाऊ कॉलनीत ढोलकीसाठी प्रसिद्ध होता. जयंतीच्या मिरवणुकीत त्याच्याभोवती गर्दी व्हायची असं जुनी माणसं सांगायची. मी त्याला पाहिलं ते उजवा हात मनगटापासून गेल्यानंतर. एका कारखान्यात जपानी यंत्रावर काम करताना ते झालं. यंत्रावर लावलेली सूचना मूळ जपानीत अशी होती की चाक पुरतं थांबल्याशिवाय झाकण उघडू नये. तिचं कुणीतरी इंग्रजी केलं, त्या इंग्रजीचं कुणीतरी मराठी केलं, आणि भिंतीवर लागलं ते एवढंच की यंत्र बंद करून झाकण उघडावं. बाळूभाऊने बटण बंद केलं आणि झाकण उघडलं. चाक अजून फिरत होतं.

हे मला मावशींनी एकदाच सांगितलं, तेही दुसरं काहीतरी शोधता शोधता, पाठमोऱ्या उभ्या राहून. बाळूभाऊ दुपारी डबा घेऊन यायचा, डाव्या हाताने आम्हाला चहा ओतून द्यायचा आणि बाकावर पेपर पसरून वाचत बसायचा. पेपर वाचताना त्याच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर हलायची. मावशींचं तिकडे लक्ष गेलं की त्या टाइप करायचं थांबायच्या.

त्यांचं एक वाक्य होतं, "मध्ये कोणी नको." जपानी ते मराठी असा थेट शब्दकोश करायचा, आणि मध्ये इंग्रजी येऊ द्यायची नाही, हा त्यांचा ध्यास होता. भाकरीच्या कष्टातून वेळ उरला की त्या त्याच्यावर बसायच्या. हरसूल-सुरगाण्याकडून आलेलं आयटीआयचं पोरगं, त्याला इंग्रजीची धास्ती, आणि जपानी शब्दाचा अर्थ बघायला त्याला आधी इंग्रजीच्या दारात उभं राहायला लागतं, हे त्यांना सहनच व्हायचं नाही. "दोन घरं शेजारी आहेत हो," त्या म्हणायच्या, "मग हमरस्त्याला वळसा घालून का जायचं?"

आणि इथेच सगळं अडलं होतं. दोन घरं शेजारी असली तरी संगणकात त्यांना शेजारी बसता येत नव्हतं. त्या वेळच्या संगणकाला अक्षरांसाठी मोजकीच घरं. त्यातली अर्धी इंग्रजीने आधीच धरलेली, तिला कुणी हात लावायचं नाही. उरलेली घरं आमच्या मराठी फॉन्टवाल्यांनी मराठीला दिली होती, जपान्यांनी जपानीला. तीच घरं. मावशी म्हणायच्या, "मालकाने एकच खोली दोघांना भाड्याने दिलीये. हा असला की तो बाहेर." मी केलेली एक लग्नपत्रिका त्यांनी गंमत म्हणून आपल्या संगणकावर उघडली, तर चिरंजीव आणि चि. सौ. कां. यांच्या जागी तोकड्या काताकानाच्या रांगा उभ्या राहिल्या. मावशींनी ती अख्खी पत्रिका मंगलाष्टकांच्या चालीवर मोठ्यांदा वाचली. "नु-ने-मु-सो-यो, कुर्यात सदा मंगलम्." बाळूभाऊ हसून बाकावरून पडायचा राहिला.

मग आम्ही एक पद्धत काढली. त्या आपल्या संगणकावर जपानी शब्द टाइप करायच्या आणि अर्थ तोंडाने सांगायच्या, मी माझ्यावर मराठी टाइप करायचो. दोघांच्या ओळी सारख्या. त्यांच्या फाइलमधल्या ज्या ओळीवर शब्द, माझ्या फाइलमधल्या त्याच ओळीवर त्याचा अर्थ. दोघं पाठीला पाठ लावून बसायचो. माझं टाइप झालं की मी न वळता म्हणायचो, "बोला पुढचा." एखादी ओळ खोडायची तर दोन्हीकडे खोडायची, हा एकच नियम. गिऱ्हाईक आलं की काम थांबायचं, गिऱ्हाईक गेलं की पुन्हा बोला पुढचा. अशी वर्षं गेली आमची.

अर्थाच्या बाबतीत त्या फार हट्टी. छापील पुस्तकातला मराठी शब्द त्यांना चालायचा नाही, तो कुणाच्या तरी तोंडून ऐकलेला हवा. भाताच्या शब्दांपाशी आम्ही अडलो तेव्हा त्यांनी मला दुकान बंद करायला लावून जीपने हरसूलच्या बाजाराला नेलं. जपानीत भाताच्या रोपांच्या वाफ्याला वेगळा शब्द आहे, नावाशिरो. माझ्या शहरी डोक्यात त्याला 'रोपवाटिका' याच्यापलीकडे काही नव्हतं. बाजारात नागली विकायला बसलेल्या एका बाईपुढे मावशींनी उकिडवं बसून जमिनीवर बोटाने वाफा काढून दाखवला.

"ह्यो राब हाय की," बाई म्हणाली. "आधी राब भाजायचा, मंग रोप, मंग आवणी. तुमाला ठावं नाय?"

"नव्हतं ठाऊक. जपानमध्येही असंच करतात."

"तिकडं बी भात हाय?" बाईने नागलीचं माप खाली ठेवलं. "आवणी कोन करतं? बाया का बाप्ये?"

"लावणी बायाच करायच्या. गाणी म्हणत. आता मशिनने होते."

बाईने थोडा विचार केला. "मंग त्या बायांचं काय झालं?"

मावशी तिच्याकडून नागली मापून घ्यायला लागल्या. परतताना जीपमध्ये त्या म्हणाल्या, "अहो प्रेसवाले, हे मी इतकी वर्षं वाचतेय, पण मला कधी विचारावंसं वाटलं नाही हो." दुसऱ्या दिवशी आमच्या कोशात राब आला.

त्यांचा हाच हट्ट पुढे नडला. एखादा शब्द मनातून उतरला की त्यांना तो क्षणभरही डोळ्यांसमोर नको असायचा. रविवारी त्या एकट्या दुकानात यायच्या, जुनी पानं वाचायच्या आणि मध्येच चिडून एखादी ओळ उडवून टाकायच्या. कधी एखाद्या शब्दाच्या दोन ओळी करायच्या. सोमवारी मला सांगायचं असं ठरवायच्या आणि सोमवारी कारखान्याचं काम आलेलं असायचं. दोन यंत्रं पाठीला पाठ लावून उभी असताना हे कुणाच्या लक्षात येण्याची सोयच नव्हती. त्यांच्या पडद्यावर जपानी नीट दिसायची, माझ्या पडद्यावर मराठी नीट दिसायची.

मग युनिकोडची बातमी आली. जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचं घर, स्वतःचा क्रमांक, कुणाला कुणासाठी बाहेर जायला नको. मावशींनी ते कुठेतरी जपानी मासिकात वाचलं आणि दुकानात शिरतानाच म्हणाल्या, "प्रेसवाले, खोली मिळाली!" पण खोली मिळाली तरी सामान हलवणं राहिलं होतं. नव्या सोयीचे संगणक आमच्यापर्यंत पोचायला काही वर्षं गेली. माझी जुनी मराठी नव्यात आणायची तर रफार शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसायचा आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटायची. एका इंजिनिअरिंगच्या मुलीने त्यासाठी प्रोग्राम लिहून दिला, तो सुधारत सुधारत आम्ही जवळ पोचलो, आणि त्याच सुमारास मावशींच्या पोटात दुखायला लागलं.

त्या दुखणं लपवण्यात पटाईत होत्या. कळलं तेव्हा डॉक्टरांनी बाळूभाऊला बाजूला घेऊन सांगितलं की फार काळ नाही. बाळूभाऊ तसाच माझ्या दुकानात आला, बाकावर बसला आणि म्हणाला, "भाऊ, तिला तेवढं एका ओळीत बघू द्या." मी त्याच्याकडे बघितलं आणि मला रडू आलं. आजवर या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

दोन्ही फाइली जोडल्या आणि मी अख्खा संगणक, मॉनिटरसकट, रिक्षात घालून त्यांच्या घरी नेला. मांडीवर मॉनिटर, पायाशी पेटी, शेजारी बाळूभाऊ एका हाताने वायरी धरून. खाटेशेजारी टेबल लावलं. मावशी किती वाळल्या होत्या ते मला त्या पडद्याच्या उजेडात दिसलं. पहिल्या ओळीवर डावीकडे जपानी शब्द, मधे एक रेघ, उजवीकडे मराठी. त्यांनी सवयीने बोट काचेवर ठेवलं. डावीकडून सरकवत रेघेपर्यंत आणलं, रेघेवर थांबल्या, आणि मग पलीकडे नेलं. "गेलं," त्या म्हणाल्या. "बाळू, बघ, मध्ये कोणी नाही." बाळूभाऊने मान फिरवली.

त्यांनीच मग पानं पुढे सरकवायला सांगितली. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा बदलला. "थांबा. ही ओळ वाचा." मला जपानी कुठे वाचता येतंय? त्यांनीच सांगितलं की डावीकडे छत्री आहे आणि उजवीकडे दिवा. खाली सगळं एकेका ओळीने सरकलेलं, पुढे कुठे दोन ओळींनी, त्याच्याही पुढे कुठे उलट्या दिशेने. सरकणं एकसारखं असतं तर एका फटक्यात नीट झालं असतं. त्या रविवारच्या चिडण्या जागोजाग पडून होत्या, आणि त्या फक्त दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाला दिसणार होत्या. तसं माणूस आमच्याकडे एकच होतं, आणि ते खाटेवर होतं.

मी धीर सोडला होता. त्या म्हणाल्या, "अहो, प्रश्नचिन्हं नाहीत ना कुठे? मग काही हरवलेलं नाही. फक्त जागेवर नाही. बसा, बोला पुढचा." पहिल्यांदाच ते वाक्य त्या म्हणाल्या. रोज दुपारी मी दुकान बंद करून जायचो. मी ओळीवर आलो की त्या जपानी शब्द वाचायच्या, अर्थ सांगायच्या, मी तो अर्थ शोधून त्याच्या जागी आणायचो. अ झाला, क झाला, स झाला, त झाला. त्यांचा आवाज खोल जायला लागला तसं बाळूभाऊ त्यांच्या तोंडाशी कान नेऊन मला सांगायचा. दोन भाषांच्या मध्ये आता तो होता, आणि याला मात्र त्यांची हरकत नव्हती.

न मध्ये आलो. नावाशिरो, राब. त्या दिवशी त्यांनी हरसूलच्या बाईची आठवण काढली. मग निवा हा शब्द आला. उजवीकडे मी कधीकाळी 'बाग' लिहिलेलं होतं, त्यांच्याच सांगण्यावरून. त्या नको म्हणाल्या.

"अंगण लिहा. हातभर जागा असली तरी निवा. आमच्या दारात बाग होती का कधी? पण निवा होतं."

मी अंगण लिहिलं. त्या दमल्या होत्या, पण चेहऱ्यावर एकदम जुनी, शिकवणीतली मिश्किली आली. "आता उद्याचा शब्द मजेचा आहे. अंगणातलं पाखरू म्हणजे काय? विचार करून या." मी चिमणी म्हणालो, साळुंकी म्हणालो. त्यांनी मान हलवली. "उद्या."

त्या उद्याच्या सकाळी बाळूभाऊचा फोन आला. "भाऊ, ती गेली," तो म्हणाला. मी दुकान न उघडताच तिकडे गेलो.

विहारात वंदना झाली. जपानला गेलेली त्यांची मुलं रडत फोन करत होती. संगणक मी कित्येक दिवस त्यांच्याच घरी राहू दिला. परत आणला तेव्हा फाइल उघडायचा धीर होईना, आणि उघडली तेव्हा त्या ओळीच्या पुढे जाता येईना. पुढच्या जपानी शब्दासमोर 'निवडणूक' असं लिहिलेलं होतं. ते पाखरू नाही एवढं मलाही कळत होतं. पण ते काय आहे ते कळत नव्हतं, आणि ज्यांना कळत होतं त्यांनी उद्या सांगते म्हटलं होतं. मला त्यांचा रागसुद्धा आला. एवढं सांगून टाकायला काय झालं होतं?

दोनेक वर्षांनी सुरगाण्याचा हिरामण जपानमधलं शिक्षण संपवून परतला आणि मावशींच्या घरी भेटायला आला. त्यांच्या शिकवणीतला, इंग्रजीला सगळ्यांत जास्त घाबरणारा. बाळूभाऊ त्याला माझ्याकडे घेऊन आला. मी ती ओळ त्याच्यापुढे केली.

"निवातोरी," त्याने वाचलं. "कोंबडी हाय ही, भाऊ. अंगणातलं पाखरू. मावशी आमालाबी हेच कोडं घालायच्या. मला नव्हतं आलं तवा."

कोंबडी. दुकानात आम्ही तिघं होतो. बाळूभाऊ हसायला लागला, मग मी, आणि मग दोघांनाही ते हसणं आवरेना आणि त्याचं रडणं कधी झालं ते समजलं नाही. हिरामण बिचारा आपलं काही चुकलं की काय म्हणून एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. 'कोंबडी' हा शब्द खाली काही ओळींवर दुसऱ्याच कुणाच्या शेजारी बसलेला सापडला. मी तो उचलून त्याच्या जागी आणला.

आता हिरामण अंबडच्या एका कारखान्यात आहे. सुट्टीच्या दिवशी येतो. त्याचा वेग मावशींचा नाही, आणि कित्येक शब्दांपाशी तो डोकं खाजवून पुढे जातो. ते शब्द तसेच राहतात. जपानला निघालेली मुलं ती फाइल मागायला येतात, मी देतो. नक्कल करून देण्याआधी प्रत्येकाला ही ओळ उघडून दाखवतो:

庭 | अंगण

आणि सांगतो, इथपर्यंत डोळे मिटून चाला, इथवर मावशी आहेत. पुढचं आमचं आहे. तपासून घ्या.